शाळेच्या विहिरीवरचे चार रविवार

कुणाचे आभार मानायचे राहिले तर मला अन्न गोड लागत नाही. तरीही एका माणसाचे आभार मानायला मी उशीर केला, आणि मानले तेही अर्धेच. उरलेले अर्धे इथे मानते.

कल्याणला मुलींच्या शाळेत मी एकटी मास्तरीण होते. माझं शिक्षण पुण्याला झालं. लग्न झाल्यावर यांची नोकरी कल्याण स्टेशनच्या मालगुदामात, म्हणून मी कल्याणात आले. शाळा भाड्याच्या घरात भरायची. पुढे ओटी, मागे अंगण आणि अंगणात एक खोल विहीर. पटावर बत्तीस मुली होत्या. दिवाळीनंतर त्यातल्या पंचवीस तरी यायच्या. फाल्गुन लागला की दहा-अकरावर यायच्या.

कारण पाणी. आमच्या आळीतल्या विहिरी होळीच्या सुमाराला तळ दाखवायच्या. मग बायका तळ्यावर जायच्या. एका खेपेत दोन हंडे हवेत, म्हणून मुलीला बरोबर न्यायच्या. ऊन चढायच्या आत दोन-तीन खेपा व्हायला हव्यात, आणि शाळेची वेळही नेमकी तीच. आयांना मी काय बोल लावणार? मुलीला वाचता आलं नाही तर त्या दिवशी काही अडत नाही. पाणी आलं नाही तर चूल अडते.

माघात शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला आले होते. मराठी माणूस, सभ्य, पण कामाला चोख. जाताना ओटीवर उभं राहून ते म्हणाले, "बाई, शिकवणं चांगलं आहे. पण मी परत वैशाखात येणार. त्या दिवशी वीस मुली समोर दिसल्या नाहीत, तर शाळा बंद करा असंच मला लिहावं लागेल."

"वैशाखात पाणी नसतं, साहेब."

"वैशाखात तपासणी असते," ते म्हणाले.

शाळा बंद झाली तर माझी बदली दुसऱ्या गावी होईल, हे खरं. पण त्यातून मी मार्ग काढला असता. मुलींना मार्ग नव्हता. बंद झालेली मुलींची शाळा पुन्हा उघडलेली मी तरी ऐकलेली नाही. सगळं त्या वीस मुलींवर येऊन ठेपलं.

अंगणातल्या विहिरीला बारमाही पाणी होतं. चोवीस हात खोल. कठडा अर्धा पडलेला, रहाट मोडलेला. दोन दांडग्या बायकांनी मिळून दोर ओढला तर एक कळशी वर यायची. त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नसे. मी रोज त्या विहिरीकडे पाठ करून मुलींना बेरजा शिकवत होते, आणि मुली पाण्यासाठी अर्धा कोस चालत होत्या. हे डोक्यात यायला मला दोन उन्हाळे लागले, याची मला आजही लाज वाटते.

एके दिवशी जेवताना मी यांना विचारलं, "तुमच्या इंजिनांना पाणी कसं भरतात?"

"नदीवरून पंपानं आणतात. का?"

"तुमच्या कंपनीकडे एखादा जुना पंप पडला असेल का?"

"कंपनी माझी नाही, मी कंपनीचा आहे," हे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी इंजिनांच्या शेडमागे डोकावून आले. गवतात दोन हातपंप पडलेले होते. मी मराठीत अर्ज लिहिला, यांनी तो इंग्रजीत केला. करताना माझी तीन वाक्यं गाळली. साहेब लोकांना लांबण लावलेली आवडत नाही, म्हणे.

उत्तर यायला महिना गेला. सारांश असा, की नेटिव मुलींच्या शाळेला रोख मदत द्यायची कंपनीची रीत नाही. पण मोडीत काढलेला एक पंप, लागतील त्या नळ्या, जुने रूळ आणि रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर शाळेने न्यावेत, कंपनीची हरकत नाही. कामगारांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपल्या सुटीच्या दिवशी काम करावं. शेडमधली हत्यारं फोरमनच्या जबाबदारीवर मिळतील. कामावर हजर असल्याच्या वेळात मात्र काही चालणार नाही.

आळीत कुणी म्हणालं की कंपनीच्या साहेबाला वर नाव करून घ्यायचं असेल. कुणी म्हणालं की अडगळ काढायची असेल. दोन्ही खरं असेल. देणाऱ्याच्या मनात काय आहे हे तपासत बसायला मला वेळ नव्हता. चैत्र उजाडला होता.

पहिल्या रविवारी तीन माणसं आली. पुढे मिस्त्री. राजापूरकडचा, चाळिशीचा, मिशा करड्या आणि हातांवर काळे डाग कायमचे बसलेले. त्याच्याबरोबर एक खलाशी, म्हणजे शेडमध्ये जड सामान ओढणारा गडी. तो शहाडच्या बाजूचा, नदीकाठच्या आगरी गावातला. तिसरा माणूस अंगणात आलाच नाही. तो शेडमध्ये यंत्रांचे पट्टे आणि चामड्याची कामं करायचा. वस्ती गावाबाहेर, खाडीच्या अंगाला. तो गल्लीत भिंतीच्या पलीकडे, कडुनिंबाच्या सावलीत बसला आणि काही लागलं तर हाक मारा म्हणाला. त्याला आत या असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

मी परपुरुषांशी कशी बोलू, म्हणून यांना मधे उभं केलं होतं. मिस्त्री माझ्यापासून चार हातांवर होता.

"अहो, त्यांना विचारा, पंप वर बसवायचा की खाली?" मी म्हणाले.

"मिस्त्री, पंप वर बसवायचा की खाली?" हे म्हणाले.

"साहेब, बाईंना सांगा, वरून ओढणार नाही. विहीर खोल आहे. पंप मधेच, बारा हातांवर उतरवावा लागेल, दांडा लांबवून वर आणावा लागेल."

"अगं, ते म्हणतात..."

"ऐकलं मी," मी म्हणाले. असं घटकाभर चाललं. मग हे उन्हाला कंटाळून ओटीवर जाऊन बसले, आणि मी मिस्त्रीला सरळ विचारलं की बारा हातांवर पंप टेकणार कशावर. त्यानेही सरळ सांगितलं. रुळाचे दोन तुकडे विहिरीच्या भिंतीत खाचा पाडून आडवे बसवायचे, त्यावर स्लीपर, त्यावर पंप. आभाळ कोसळलं नाही.

मी त्याला विचारलं, "तुम्ही सुटीचा दिवस का घालवता? तुमची मुलगी तर आमच्या शाळेत नाही."

"मुलगी गावी आहे, बाई. तिथे शाळा नाही." मग म्हणाला, "आणि रविवारी करू काय? खोलीत पडून राहायचं नाहीतर पत्ते. पत्त्यांत हा हरामखोर मला लुटतो."

खलाशी कठड्यावरून विहिरीत डोकावत होता. "लुटतंय काय, तुना खेळताच येत नाय!" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बाय, खाली मीच उतरताव. घाबरू नको. खारीत न् नदीत डुबक्या मारूनशी मोठा झालोय."

आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. साठीच्या, सोवळ्यात कडक. आळीतल्या बायकांना काय चालेल आणि काय चालणार नाही, हे त्या ठरवायच्या. त्यांनी खलाशाला वरपासून खालपर्यंत बघितलं, तो विहिरीत उतरायच्या आधी त्याला अंगणाच्या कोपऱ्यात दोन घागरी पाण्याने आंघोळ करायला लावली, आणि मग घरी जाऊन कैरीचं पन्हं पाठवून दिलं. वरून निरोप, "गूळ कमी वाटला तर सांगा." मी मनात म्हटलं, काकू आपल्या बाजूला आहेत. आता आळी आपली.

दुसऱ्या रविवारी रूळ आणि स्लीपर बसले. खलाशी कमरेला दोर बांधून विहिरीत लोंबकळत छिन्नीने खाचा पाडत होता. वरून मिस्त्री ओरडायचा, "अरे, डावीकडे!" खालून उत्तर यायचं, "तुजी डावी का माजी डावी?" मुली भिंतीवर बसून खिदळत होत्या. रविवार असूनही चौदा मुली आल्या होत्या. त्या दिवशी मी हजेरी घेतली नाही, पण मोजल्या.

तिसऱ्या रविवारी दुपारी पंप लागला. मिस्त्रीने दांड्याला हात घातला, आठ-दहा वेळा वरखाली केला. आधी नुसती घरघर. मग पंप खोकला, आणि तोटीतून मनगटाएवढी धार आली. थोडा गंज होता, मग स्वच्छ पाणी. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. सात वर्षांच्या मुलीनेसुद्धा दांडा हलवून कळशी भरली. काकू पुढे आल्या, हातातला हंडा तोटीखाली ठेवला आणि कौतुकाने विचारलं, "मिस्त्री, हे पाणी वर ओढतं तरी कसं रे?"

इथे आमचं चुकलं. मिस्त्रीला कुणी त्याच्या कामाबद्दल विचारलं की त्याची छाती फुगायची.

"आत एक वाटी असते, काकू. दांडा वर गेला की ती पाणी ओढून घेते. सगळं त्या वाटीवर. आणि वाटी मी साधी बसवली नाही. अस्सल चामडं! म्हशीचं, तेलात मुरवलेलं. इंजिनाच्या पंपालासुद्धा एवढं चांगलं मिळत नाही. दहा वर्षं बघायला नको."

काकूंनी हंडा उचलला, तिथल्या तिथे उपडा केला, आणि बाजूला होऊन उभ्या राहिल्या. मागच्या बायकांनीही आपापले हंडे उचलले.

मिस्त्रीला काही कळेना. बिचाऱ्याची सगळी उमर इंजिनांत गेली होती. इंजिनाला विटाळ नसतो. मलाही हे आधी विचारायला हवं होतं. मी खोली मोजली, नळ्या मोजल्या, आणि पाणी पिणार कोण याचा विचार केला नाही.

मी काकूंना ओटीवर गाठलं. "काकू, मळ्यात मोटेचं पाणी जातं. मोट चामड्याची असते. त्या मळ्यातली केळी आपण खातो."

"केळी सोलून खातो गं."

"तूप बुधल्यातून येतं. बुधला कशाचा?"

"तूप तुपानंच शुद्ध होतं. पाण्याचं तसं नाही. हे तू मला शिकवू नकोस, मास्तरीण. तू मुलींना शिकव."

"मुली आल्या तर शिकवीन ना! नऊ दिवसांनी डेप्युटी येताहेत."

काकू जरा नरमल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "तुझी शाळा बुडावी असं मला वाटत नाही. माझी नातही त्यातच आहे. पण ते चामडं आत असेपर्यंत माझ्या घरात ते पाणी येणार नाही. आणि माझ्या घरात आलं नाही तर आळीत कुणाच्याच येणार नाही. हे तुलाही माहीत आहे."

माहीत होतं. त्या रविवारी पन्हं आलं नाही.

सोमवारी शाळेत बारा मुली होत्या. तळ्यावरच्या खेपा सुरूच. हातात एकच रविवार उरला होता. शिवाय पंप बारा हात खाली. वाटी बदलायची तर सगळं पुन्हा उकलायला हवं. मला वाटलं होतं की मिस्त्री आता येणार नाही. एवढं चांगलं काम केलेल्या माणसासमोर हंडे उपडे केले तर त्याने का यावं? पण मंगळवारी संध्याकाळी काम सुटल्यावर तो आमच्या ओटीवर येऊन बसला. खलाशीही होता.

"चामड्याशिवाय पंप म्हणजे दातांशिवाय तोंड, बाई," मिस्त्री म्हणाला.

"काथ्या गुंडाळूया," खलाशी म्हणाला. "होरीच्या फटीत आमी काथ्याच भरताव. तेलात बुडवूनशी."

"होडीची फट हलत नाही. हा दांडा दिवसभर हलणार. काथ्या दोन दिवसांत चिंध्या होईल."

"दोन दिवस पुरत नाहीत का? डेप्युटी एकच दिवस येतात," हे म्हणाले. मी यांच्याकडे असं पाहिलं की हे पुन्हा बोलले नाहीत. मुली एका दिवसापुरत्या गोळा करायच्या असत्या तर मी सगळ्यांना खाऊ कबूल केला असता.

मग मिस्त्री हळूच म्हणाला, "रबर."

गाडीचे डबे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना जे बफर असतात, त्यांच्यात तेव्हा रबराच्या जाड चकत्या घालत. काळं, खरबरीत, दाबलं की दबणारं. झिजलेल्या चकत्या काढून टाकलेल्या असत. पण टाकलेली असली तरी ती कंपनीची, आणि आमच्या अर्जात रबर लिहिलेलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी हे फोरमनसाहेबाकडे गेले. साहेबाने पहिल्यांदा विचारलं की चामड्यात काय खोट निघाली. यांनी समजावलं. साहेब ऐकत राहिला, मग म्हणाला, इतकी वर्षं मी या देशात आहे, माझं चामडं कुणी परत केलं नव्हतं. मग स्वतः उठून ढिगातली त्यातल्या त्यात चांगली चकती काढून दिली. आणि शनिवारी दुपारनंतर मिस्त्रीला लवकर सोडलं. त्या साहेबाशी मी आयुष्यात एक शब्द बोलले नाही. पण तो अर्धा दिवस नसता तर काम झालं नसतं, एवढं मला समजतं.

रबराच्या जाड चकतीतून पातळ, गोल वाटी कापायची होती. एक जवभर कमीजास्त झालं तर पाणी निसटतं. मिस्त्रीने छिन्नीने करून बघितलं, कडा दातरल्यासारखी झाली. मग त्याने ते काम गल्लीत कडुनिंबाखाली बसणाऱ्या त्या माणसाकडे दिलं. ज्याने चामड्याची वाटी कापली होती, त्याच्याकडेच. शनिवारी संध्याकाळी मी अंगणाच्या दारात उभी राहून पाहिलं. त्याने चामडं कापायची रापी दगडावर लावली, रबर पाण्याने ओलं केलं, आणि पोळीच्या कडेवरून बोट फिरवावं तशी एका दमात रापी फिरवली. मधे थांबला नाही. कापून झाल्यावर वाटी उजेडात धरून बघितली आणि मिस्त्रीच्या हातात न देता जमिनीवर ठेवली. मिस्त्रीने ती उचलून त्याच्याच पाठीवर थाप मारली. शेडमध्ये ते दोघं दिवसभर खांद्याला खांदा लावून राबत असतील. आमच्या गल्लीत आले की वस्तू जमिनीवर ठेवायची, हे त्याचं त्यानेच लक्षात ठेवलं होतं.

चौथ्या रविवारी सकाळी पंप उकलायच्या आधी मिस्त्रीने ती वाटी ओटीच्या कडेला ठेवली आणि काकूंना बोलावलं. आळी मागे जमली.

"हे काय काळं?" काकू म्हणाल्या. "वास कसला येतोय?"

"झाडाचा चीक आहे, काकू. आटवून, सुकवून करतात."

"कुठल्या झाडाचा?"

मिस्त्री विचारात पडला. मग म्हणाला, "आमच्या साहेबाकडे एकदा त्या झाडाचं चित्र बघितलं होतं. वडाच्या जातीचं आहे. पारंब्यासुद्धा असतात."

"वडाचा चीक?"

"वडाच्या भावकीतला."

काकू वाकल्या. आधी नखाने टोचलं, मग हुंगलं, मग एका बोटाने दाबलं. ते परत वर आलं तशी त्या दचकून मागे सरकल्या, आणि बायका हसल्या. मग काकूंनी ती वाटी चक्क हातात घेतली. ज्येष्ठात ज्याला सूत गुंडाळायचं, त्याच्या भावकीतल्या झाडाला विटाळ कसा मानणार? ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं.

"काय सुबक कापलंय गं," त्या मला म्हणाल्या. "हात चांगला आहे कुणाचा तरी."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मोडक्या रहाटाकडे पाहिलं. कुणी कापलं हे त्यांनी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ठाऊक नाही. त्यांनी विचारलं नाही. भिंतीच्या पलीकडे तो माणूस बसला होता, आणि भिंत काही फार उंच नव्हती.

"पंप धुऊन घ्या, विहिरीत गोमूत्र शिंपडा, आणि बसवा," काकू म्हणाल्या. तासाभराने पन्हं आलं. गूळ त्या दिवशी जास्त होता.

संध्याकाळपर्यंत खलाशाने तीनदा विहिरीत चढउतार केली. पंप पुन्हा लागला. आणि मी पाहिलं की मिस्त्रीने तोटीच्या मागून आणखी एक नळी काढली आहे, तिला वेगळी चावी आहे, आणि ती अंगणाच्या भिंतीतून पलीकडे गल्लीत गेली आहे.

"ही कशाला?" मी विचारलं.

"जास्तीची नळी पडली होती, बाई. परत वाहून कोण नेणार?" मिस्त्री म्हणाला, आणि हत्यारं गोळा करू लागला. मला कळलं. त्याला कळलं की मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आळीत नियम सांगितला. शाळेच्या वेळात पाणी भरायचं ते मुलींनीच. मुलीने सकाळी हंडा-कळशी घेऊन यायचं, ओटीवर रांगेत ठेवायची, धडे करायचे, आणि सुटताना पंपावर भरून न्यायची. मोठ्या मुलींनी लहानींना दांडा हलवून द्यायचा. आयांची तळ्याची खेप वाचली. त्या मुलींना शिकायला पाठवत नव्हत्या, पाण्याला पाठवत होत्या. पण मधले तीन तास माझे होते.

डेप्युटीसाहेब मंगळवारी आले. ओटीवर कळशांची रांग बघून त्यांना वाटलं की कुणाचं लग्नघर आहे. आत सत्तावीस मुली होत्या. त्यांनी एकेकीला उभं करून वाचायला लावलं. काकूंची नात गडबडली, पण बसली नाही, पुढचं वाक्य वाचून मगच बसली. शाळा सुटल्यावर सहा मुली पंपाशी गेल्या. एकीने गल्लीतल्या नळीची चावी फिरवली आणि सगळ्या आळीपाळीने दांडा हलवू लागल्या, मोठ्याने मोजत. तोटीतून मात्र थेंब पडत नव्हता.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं. "पाणी तर येत नाही."

भिंतीच्या पलीकडे कुणाच्या तरी मडक्यात धार पडल्याचा आवाज येत होता. त्यांनी तो ऐकला असावा.

"कवायत," मी म्हणाले. "रोज शंभर वेळा."

त्यांनी घटकाभर भिंतीकडे पाहिलं, आणि आपल्या वहीत लिहिलं की शाळेत मुलींची कवायत नियमित होते. शाळा राहिली. आजही आहे, माझ्यानंतर आता तिथे दोन मास्तरणी आहेत.

गल्लीतल्या त्या नळीवर खाडीच्या अंगाच्या वस्तीतल्या बायका येऊ लागल्या. त्यात त्या माणसाची बायकोही असे. काकूंना ते पहिल्याच आठवड्यात दिसलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि पाण्यालाही आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हंडा घेऊन आल्या. तळं लांब होतं. पण त्या बायकांपैकी कुणाच्या मुलीला मी आत येऊन बस म्हटलं नाही. पाणी भिंतीपलीकडे देण्याइतकंच धैर्य माझ्यात होतं, अक्षर देण्याइतकं नव्हतं. हे मी लपवत नाही.

वर्षप्रतिपदेला आळीतल्या बायकांनी मिस्त्रीला नारळ आणि उपरणं दिलं, खलाशाला धोतरजोडी दिली. फोरमनसाहेबाला आभाराचं पत्र गेलं, ते यांनी इंग्रजीत केलं आणि या वेळी एकही वाक्य गाळलं नाही. पंप बसला त्याला तेव्हा जवळजवळ वर्ष होत आलं होतं. तिसऱ्या माणसाला काय द्यायचं हे कुणी काढलंच नाही, आणि सगळ्यांदेखत काढलं तर वाटी कुणी कापली हे निघालं असतं. मग पाणी पुन्हा बंद.

म्हणून एके संध्याकाळी मी नारळ आणि गुळाची ढेप घेऊन एकटीच गल्लीच्या टोकाशी गेले. तो शेडमधून परतत होता. मला बघून बाजूला झाला. मी नारळ आणि गूळ जमिनीवर ठेवले नाहीत. त्याने हात पुढे करायला वेळ घेतला, मीही तेवढा वेळ उभी राहिले. मग म्हणाले, "तुमचे आभार मानायचे राहिले होते." त्याला मी तोवर अहो-जाहो केलेलं नव्हतं.

"काम तर मिस्त्रीचं, बाई."

"काकूंनी वाटी हातात घेऊन बघितली तेव्हा काय म्हणाल्या, ऐकलंत ना तुम्ही? हात चांगला आहे म्हणाल्या."

त्याने गुळाची ढेप एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हात कुणाचा, ते त्यांना ठाऊक होतं का?"

"नाही."

"मग खरंच चांगली झाली असणार," तो म्हणाला, आणि हसला.

ती वाटी सहा वर्षं चालली. काकू तोवर राहिल्या नव्हत्या. बदलायची वेळ आली तेव्हा मी कंपनीला अर्ज केला नाही, थेट त्याच्याकडे निरोप पाठवला. तो रबराची चकती आणि रापी घेऊन आला. त्या वेळी त्याला मी आत बोलावलं, आणि त्याने विहिरीच्या कठड्यावर बसून वाटी कापली.